एअरबॅगचा दिवा मधूनच लागतो: दोष क्लॉक स्प्रिंगचा की सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरचा?

चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो, ती यंत्रणेची स्वतःची तपासणी. तोच दिवा गाडी चालवताना लागतो, दोन दिवस राहतो आणि आपोआप जातो, तेव्हा जुन्या गाडीत संशयाच्या दोन मोठ्या जागा असतात. एक स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, दुसरी सीटखालचा पिवळा कनेक्टर. दोन्हीकडे बिघाड एकाच जातीचा असतो, म्हणूनच गल्लत होते. एअरबॅग पेटवणाऱ्या स्क्वीबचा रोध साधारण २ ओहम असतो. कंट्रोल युनिट अगदी बारीक करंट सोडून तो तपासत राहतं. वाटेत एखादी मळलेली पिन किंवा तडा गेलेली पट्टी आली, की रोध वाढतो आणि दिवा लागतो.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी. स्टिअरिंगचं चाक फिरत असताना ड्रायव्हरच्या एअरबॅगपर्यंत वायर नेण्याचं काम तिचं. बडोद्यातल्या मांडवी-रावपुऱ्याच्या गल्ल्यांत रोज चाक टोकापर्यंत फिरवून गाडी काढावी लागते, तिथे ही पट्टी झिजते आणि दुमडीपाशी तुटते. खूण अशी: दिवा वळणावर किंवा पार्किंग करताना लागतो, चाक फिरवताना आतून घासल्यासारखा आवाज येतो, हॉर्न एखाद्याच कोनात वाजत नाही, स्टिअरिंगवरची ऑडिओची बटणं मधूनच बंद पडतात. मात्र हॉर्न नीट वाजतो म्हणून क्लॉक स्प्रिंगला निर्दोष ठरवू नका. हॉर्नची आणि एअरबॅगची पट्टी वेगळी असते, एक शाबूत राहून दुसरी तुटू शकते.

पिवळ्या कनेक्टरचा स्वभाव वेगळा. साइड एअरबॅगची, काही गाड्यांत सीटबेल्टच्या बकलमधल्या प्रीटेन्शनरची (अपघातात बेल्ट घट्ट ओढणाऱ्या भागाची) किंवा स्विचची वायर सीटखालून जाते. सीट पुढे-मागे केली, मागे बसलेल्याचा पाय लागला, गाडी गतिरोधकावरून उडाली, की दिवा लागतो. वळणाशी त्याचा संबंध नसतो. सीट कव्हर बसवताना कनेक्टर काढून अर्धवट परत लावणं हे नेहमीचं कारण. बडोद्यात त्यात पाण्याची भर पडते. ३१ जुलै २०१९ चा पाऊस किंवा ऑगस्ट २०२४ मधला विश्वामित्रीचा पूर ज्या गाडीने पाहिला, तिचा गालिचा वरून वाळलेला दिसला तरी खालचा फोम ओल धरून राहू शकतो आणि पिनांवर हिरवट गंज चढतो. अशा गाडीत मधल्या कन्सोलखालच्या कंट्रोल युनिटचा कनेक्टरही उघडून बघा.

आधी स्कॅनर, म्हणजे युनिटने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावा, आणि कोड उडवण्याआधी लिहून घ्या. बाजारातला साधा ओबीडी स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतो. एअरबॅग युनिट वाचणारा हवा. कोडमध्ये ड्रायव्हरच्या पुढच्या एअरबॅगचं सर्किट आलं तर क्लॉक स्प्रिंगकडे जा. साइड एअरबॅग किंवा बकल आलं तर सीटखाली. बऱ्याच गाड्यांत कोड उडवल्याशिवाय दिवा जात नाही, त्यामुळे दिवा दिसला तो क्षण बिघाडाचाच असेल असं नाही. कोड उडवून मोकळ्या जागी, गाडी अगदी हळू चालवत चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मग गाडी थांबवून, चावी चालू ठेवून सीट पूर्ण पुढे-मागे करा. कशाने दिवा परत येतो ते पाहा. चावी चालू असताना पिवळ्या वायरीला हात मात्र लावू नका.

काम करताना चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेवढं थांबा. काही कंपन्या ९० सेकंद सांगतात, काही ३ मिनिटं. आतल्या कपॅसिटरमध्ये एअरबॅग पेटवण्याइतकी वीज उरलेली असते. एअरबॅगच्या टोकांना मल्टिमीटर कधीही लावू नये, त्याच्या करंटनेही ती फुटू शकते. कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पूर्ण वाळवा, लॉक टक् असा आवाज येईपर्यंत दाबा, आणि सीट मागे गेल्यावर ताण येणार नाही इतकी ढील ठेवून वायर बांधा. पिना पॉलिश पेपरने घासू नका, मुलामा निघतो. तुटलेल्या पिवळ्या वायरीला पीळ देऊन टेप गुंडाळणं चुकीचं आहे. हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या जुडग्याचा, तो भाग बदला.

क्लॉक स्प्रिंग बदलताना पुढची चाकं सरळ ठेवा आणि नवीन भाग मध्यावर आणूनच बसवा. तो एका बाजूला गुंडाळलेला राहिला, तर पहिल्याच पूर्ण वळणावर पट्टी तुटते. स्टिअरिंग रॅक किंवा कॉलमच्या कामानंतर दिवा सुरू झाला असेल तर हेच घडलेलं असण्याची शक्यता मोठी. क्लॉक स्प्रिंग उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका.

एअरबॅगच्या जागी २ ओहमचा रेझिस्टर लावून दिवा विझवणारेही भेटतात. त्याने युनिट फसतं, पण अपघातात एअरबॅग उघडत नाही. जुनी गाडी घेताना चावी चालू केल्यावर दिवा लागतो का ते आधी बघा. अजिबातच न लागणारा दिवा बहुधा कुणीतरी काढून टाकलेला असतो.