पलंगाची होडी झाली, ते खोलीला कळलं

पलंगाची होडी लहानपणी कोणी केली नाही? चादरीचं शीड, झाडूचं वल्हं आणि फरशीला पाय लागला की बुडालास! १९९६ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये, ॲरन बॉबिक या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाच खेळ मांडला. तिथे पलंगावरून कोणी खाली उतरलं, की खोलीला ते कळायचं. पाण्यात पडल्याचा धपकन आवाज यायचा आणि ‘माणूस पाण्यात पडला, धरा त्याला’ अशी हाक उठायची.

खोलीचं नाव ‘किड्सरूम’. २४ फूट बाय १८ फुटांची जागा. दोन भिंती नेहमीच्या, लहान मुलांच्या खोलीसारख्या. उरलेल्या दोन भिंतींच्या जागी मोठे पडदे, त्यांवर मागून प्रोजेक्टरने चित्रं पडायची. वर कॅमेरे आणि रंगीत दिवे, चहूकडे स्पीकर. मुलांच्या अंगावर मात्र काही म्हणजे काही चढवलेलं नव्हतं. हेल्मेट नाही, वायर नाही. एका वेळी चार जणांपर्यंत आत जायचं आणि खेळायचं. आधी खोलीतलं सामान त्यांच्याशी बोलायचं, त्यातून एक जादूचा शब्द सापडायचा, तो सगळ्यांनी ओरडून म्हटला की भिंतींवर जंगल उभं राहायचं. जंगलानंतर नदी, नदीनंतर राक्षसांचा देश.

आता त्या जादूच्या शब्दाचंच बघा. मायक्रोफोनला तो शब्द कळत नव्हता. आवाज किती मोठा आहे, एवढंच तो मोजायचा. कोणी ‘बटाटा’ असं ओरडलं असतं तरी जंगल उगवलंच असतं! पण शब्द शोधण्यासाठी एवढी धडपड केलेलं मूल बटाटा कशाला ओरडेल? त्या क्षणी ते काय ओरडणार, हे गोष्टीनेच ठरवून टाकलेलं असतं. याला कोणी पळवाट म्हणेल. मला तर सगळ्या प्रकल्पातली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटते.

कारण कॅमेऱ्यातून माणसं ओळखणं तेव्हाच्या संगणकाला फार जड जायचं. त्यातली सोपी रीत अशी, की रिकाम्या खोलीचं चित्र आधी साठवून ठेवायचं आणि आत्ताच्या चित्रातून ते वजा करायचं. जे उरेल ते मूल. पण दोन मुलं एकमेकांना बिलगली, की वरच्या कॅमेऱ्याला दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो. मग एक मूल गेलं कुठे? इथे संगणकाच्या मदतीला साधा हिशोब येतो. दारातून आत किती जण आले ते त्याने मोजलेलं असतं. चार आत आले, बाहेर कोणी गेलं नाही आणि ठिपके तीनच दिसताहेत, म्हणजे दोघं कुठेतरी एकत्र आहेत. ती वेगळी झाली की रंग, जागा आणि चालण्याचा वेग बघून कोण कुठलं ते पुन्हा लावायचं.

नदीवर तर काम आणखी हलकं. सगळी पलंगावर बसलेली, म्हणजे हात हलले तर ते वल्हवण्यासाठीच. कॅमेऱ्याने फक्त पलंगाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला किती हालचाल झाली ते मोजायचं आणि समोर येणारे खडक, ओंडके चुकले का ते ठरवायचं. एक अडचण मात्र मला दिसते. चौघं एकदम हात मारत असताना, होडी वळली ती माझ्यामुळे का, हे एकट्या मुलाला कसं कळावं?

राक्षसांच्या देशात मात्र ढोबळ हालचाल पुरत नव्हती. तिथे राक्षस नाचाच्या चाली शिकवायचे: खाली बसा, हात वर फेका, पंख हलवल्यासारखे हात हलवा, गोल फिरा. अंधारात फुलबाजी फिरवली की उजेडाची रेघ उमटते, तिचं आताचं टोक लखलखीत आणि मागचा भाग विझत चाललेला. संगणक प्रत्येक हालचालीचं असंच एक चित्र बनवायचा, ताजी हालचाल उजळ, जुनी फिकट, आणि साठवलेल्या नमुन्यांशी ते ताडून बघायचा. यासाठी मूल कॅमेऱ्यासमोर नीट दिसायला हवं. म्हणून जमिनीवर छोट्या सतरंज्या अंथरल्या होत्या आणि ‘आपापल्या सतरंजीवर उभे राहा’ हे सांगायचं काम राक्षसांकडेच दिलं होतं. मुलांच्या लेखी तो नाचाचा नियम, विद्यार्थ्यांच्या लेखी कॅमेऱ्याची सोय.

चाली शिकवून झाल्या की राक्षस थांबायचे आणि बारी उलटायची. आता मूल नाचणार, राक्षस नक्कल करणार. मुलाने गिरकी घेतली, की पडद्यावरचा तो अगडबंब प्राणीही गरकन फिरायचा.