पर्यटनाची उलाढाल आणि किनाऱ्यावरची मिळकत

एखाद्या किनाऱ्यावर पर्यटन वाढले की तिथल्या लोकांची भरभराट झाली, असे सहज गृहीत धरले जाते. या समजुतीत पर्यटकांनी केलेला एकूण खर्च, म्हणजेच उलाढाल, आणि त्यातून स्थानिकांच्या हाती उरणारी मिळकत यांची गल्लत होते. उलाढाल मोजणे सोपे असते, कारण पर्यटकांची संख्या, खोल्यांची भाडी आणि कर यांची नोंद कुठे ना कुठे होतच असते. मिळकत मात्र कोणत्याही एका नोंदवहीत सापडत नाही आणि सरकारी घोषणांमध्येही क्वचितच दिसते.

पर्यटकाने प्रवास, मुक्काम आणि जेवण यांचे पैसे मायदेशीच एकत्र भरले, तर त्यातला बराचसा भाग किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. जो पोहोचतो त्यातूनही बाहेरच्या मालकाचा नफा, आयात केलेले अन्न आणि बाहेरून आणलेल्या अधिकाऱ्यांचे पगार वजा होतात. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात, आणि ती किती व्हावी हे बऱ्याच अंशी धोरणावर अवलंबून असते. मालदीवमध्ये १९७२ साली रिसॉर्ट सुरू झाले आणि पुढे पर्यटन मुख्यतः वस्ती नसलेल्या बेटांपुरते ठेवले गेले. त्यामुळे गावातल्या माणसाला पर्यटनाशी संबंध हवा असेल, तर घर सोडून रिसॉर्टच्या बेटावर नोकरीला जावे लागे. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर अतिथीगृहांना परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या बेटांवर रहिवासी स्वतः यजमान होऊ लागले. पर्यटक तेच, समुद्र तोच. फरक पडला तो मालकीमुळे.

मिळकतीचा हिशेब केवळ पगार मोजून पुरा होत नाही, कारण गमावलेली उपजीविकाही त्यातून वजा करावी लागते. मासेमारी करणाऱ्यांना होड्या ओढायला, जाळी दुरुस्त करायला आणि मासळी वाळवायला किनारा लागतो, आणि तिथे कुंपण पडले तर हा तोटा उलाढालीच्या आकड्यात कधीच दिसत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत किनाऱ्यालगतच्या १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात घरे पुन्हा बांधण्यास मनाई झाली, पर्यटन व्यवसायाला मात्र सवलती मिळाल्या. नियम पुढे शिथिल झाला, तरी सुरक्षिततेच्या नावाखाली कोणाला हलवले जाते आणि कोणाला नाही, हे तेव्हा उघड झाले होते.

हंगामाबद्दल थोडक्यात एवढेच, की हंगामी कामगाराचा चांगल्या महिन्यातला पगार बाराने गुणून वार्षिक उत्पन्न सांगणे ही निव्वळ दिशाभूल आहे.

धोका कोण पेलतो, हा प्रश्न याहून महत्त्वाचा. फिलिपिन्समधील बोराकाय बेट सांडपाण्यामुळे २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवले गेले. माझ्या मते ते आवश्यकच होते. परंतु प्रक्रिया न करता पाणी सोडणाऱ्या व्यवसायांइतकीच त्याची झळ खोल्या झाडणाऱ्यांना आणि नावाड्यांनाही बसली, आणि त्यांच्यापाशी ती सोसायला शिल्लक फारच कमी होती.