कढीपत्त्याचा हिवाळा

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की मराठी घरांतून कुंड्यांची हलवाहलव सुरू होते. डेकवरची तुळस, मोगरा, कढीपत्ता घरात येतात, डेलियाचे कंद उकरून गराजमध्ये जातात. माझ्या पहिल्या कढीपत्त्याला बाहेरचा वाराही लागला नव्हता. तो हीटरच्या उबेत होता आणि तरी फेब्रुवारीत बुडापासून कुजून गेला. तीन वर्षं वाढवलेलं झाड. फार वाईट वाटलं. हिवाळ्यात झाडांना दोन शत्रू असतात, गोठणं आणि कुजणं, आणि एकावरचा उपाय अनेकदा दुसऱ्याला घरात घेतो, हे तेव्हा कळलं.

आधी गोठणं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी डिसेंबर-जानेवारीत गवतावर, गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरं होतं, तेव्हा गावातला पारा बहुतेक वेळा शून्याच्या वरच असतो. कारण तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, आडोशाला ठेवलेला असतो. गवताचं पातं मात्र उघड्या आकाशाखाली रात्रभर आपली उष्णता बाहेर टाकत राहतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर ते भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतं. शिवाय थंड हवा जड, ती सखल भागात साचते. म्हणून हवामानखात्याने 3 अंश सांगितले तरी बागेतलं रोप गोठू शकतं.

अशा रात्री रोपावर कापड घालतात, पण ते खोडाशी आवळून बांधतात आणि तिथेच चूक होते. गोधडीत आपल्याला ऊब येते, कारण ती आपल्याच अंगातून निघते. झाडाला अशी ऊब नसते. उष्णता जमिनीत साठलेली असते. कापड तंबूसारखं चहूबाजूंनी जमिनीपर्यंत सोडलं तरच ती आत अडकते. ओली माती कोरड्या भुसभुशीत मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि सहज वर सोडते. निफाडकडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत बागेला पाणी देतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

बर्फ पानात नेमकं काय करतो? तो सहसा आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींतलं पाणी ओढून घेतो. पेशी आतून वाळतात, त्यांची पटलं, म्हणजे पातळ आवरणं, फाटतात. सकाळी ऊन पडलं की पान काळं, शिजवल्यासारखं लिबलिबीत होतं. गंमत अशी की शुद्ध पाण्याचे बारीक थेंब शून्याखालीही बराच वेळ द्रव राहू शकतात. गोठायला त्यांना कशाचा तरी आधार लागतो. पानांवर राहणारा स्यूडोमोनास सिरिंगी नावाचा जीवाणू उणे 2 अंशांच्या आसपासच तो आधार पुरवतो. त्याचं हे काम करणारं जनुक काढून टाकलेला जीवाणू एप्रिल 1987 मध्ये कॅलिफोर्नियात ब्रेंटवुड इथे स्ट्रॉबेरीच्या शेतावर फवारला गेला. जनुकबदल केलेला जीव परवानगीने उघड्यावर सोडण्याचा तो पहिला प्रयोग मानला जातो. त्यावर मोठा वाद झाला आणि ते औषध बाजारात कधी आलंच नाही.

आपल्या उष्ण प्रदेशांतल्या झाडांना तर इजा व्हायला गोठण्याचीही गरज पडत नाही. थंडीत खोबरेल थिजतं, शेंगदाणा तेल पातळ राहतं, तसाच फरक पेशींच्या पटलांतल्या स्निग्ध पदार्थांत असतो. गारठ्याची सवय असलेली झाडं ही पटलं मऊ ठेवतात. केळीसारख्या झाडांची पटलं घट्ट होऊन पाझरू लागतात. फ्रिजमधलं केळं काळं पडतं ते यामुळेच. तुळसही 10 अंशांखाली डागाळू लागते. म्हणून रात्रीचा पारा 10 अंशांकडे, म्हणजे 50 फॅरनहाइटकडे उतरला की तिला आत घ्यावं, बर्फाची वाट पाहू नये.

आत आणल्यावर दुसरा शत्रू सुरू होतो, आणि तो आपल्या मायेतून येतो. आंघोळीनंतर तुळशीला तांब्याभर पाणी ही आपली रीत. अंगणातल्या वृंदावनात, भर उन्हात ते पाणी दुपारपर्यंत उडून जातं. इथे डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, खिडकीजवळची कुंडी गार असते, झाड जवळजवळ झोपलेलं असतं. मुळं पाणी पीतच नाहीत. मग मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो. मुळं गुदमरली की पिथियमसारखे जीव टपलेलेच असतात. ते बुरशीसारखे दिसतात, पण शेवाळांचे जवळचे नातलग. त्यांचे बीजाणू ओल्या मातीत शेपट्यांनी पोहत मुळांपर्यंत पोचतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं तहानल्यासारखी मान टाकतात. आपण आणखी पाणी घालतो. मी नेमकं हेच केलं होतं.

आता तुळशीला रोज पळीभर पाणी घालते, रीत मोडत नाही. कढीपत्त्याला मात्र बोटाची दोन पेरं मातीत खुपसून कोरडं लागल्याशिवाय थेंबही देत नाही. बशीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाकते.

डेलियाचं गणित थोडं वेगळं. हे झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं. तिथला हिवाळा कोरडा, म्हणून ते जमिनीखाली कंद राखतं. न्यू जर्सीची गोठलेली ओली माती त्याला सोसत नाही. पहिल्या गारठ्याने पानं काळी पडली की देठ वीतभर ठेवून कापावे आणि कंद अलगद उकरावे. देठ पोकळ असतो, त्यात पाणी राहिलं तर कूज वरूनच उतरते, म्हणून कंद काही दिवस उलटे ठेवावे. मग लाकडाच्या कोरड्या भुशात, साधारण 5 ते 8 अंशांच्या जागी, एकमेकांना न चिकटवता. नाशिककडे कांद्याच्या चाळीला फटी ठेवतात त्याच कारणासाठी इथेही हवा खेळती लागते. महिन्यातून एकदा चाचपून मऊ लागलेला कंद काढून टाकावा. सुरकुतलेल्यावर पाण्याचा हलका शिडकावा पुरतो.

जानेवारीत कढीपत्ता सगळी पानं गाळतो, तेव्हा कितीतरी जण त्याला मेलेला समजून टाकून देतात. तसं करू नका. नखाने खोडाची साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर तो जिवंत आहे. खिडकीशी तसाच, कोरडाच राहू द्या. दिवस मोठे झाले की मार्चअखेरीस त्याच काड्यांवर लालसर कोंब फुटू लागतात.