तोंड आलंय, की तंबाखूने धरलंय?

संकेश्वरी मिरचीचा ठेचा जिभेला झोंबला की घरात निदान ठरलेलं: तोंड आलंय, उष्णता झालीय. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत ज्या घरांत कुणी तंबाखूचा बार भरतं, मावा (सुपारी, तंबाखू, चुन्याचं मिश्रण) खातं किंवा मिसरी लावतं, तिथं जरा थांबावं.

नुसतं तोंड येणं म्हणजे ओठाच्या किंवा गालाच्या आत, जिभेच्या कडेला गोल फोड. मध्ये पिवळट पांढरा, भोवती लाल कड, सहसा 1 सेंटीमीटरच्या आतला. एवढासा, पण घास गिळू देत नाही. 7 ते 14 दिवसांत आपोआप भरतो. गाल चावला जाणं, टोकदार दात, ताण, लोह किंवा बी-12 ची कमतरता ही नेहमीची कारणं. काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कराव्यात, तिखट-आंबट बंद ठेवावं, तूप लावावं. जाईचा पाला चघळला तरी हरकत नाही. टाकणखार (बोरॅक्स) मात्र तान्ह्या मुलाच्या तोंडात अजिबात घालू नये. मेडिकलमधल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांचा खरा उपयोग कमतरता असली तरच.

तंबाखूच्या जखमेचं वागणं उलटं. सुरुवातीला ती बहुधा दुखतच नाही, म्हणून तर महिनोन्‌महिने राहून जाते. मोबाइलचा टॉर्च लावून खालचा ओठ ओढून बघा, विशेषतः जिथं बार ठेवतात ती हिरडीलगतची खोबण. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, बोटाला कडक लागणारी कड, फोड तीन आठवड्यांनंतरही तसाच, यातलं काहीही दिसलं तर दुखण्याची वाट बघू नका. बेळगावात सरकारी बिम्स रुग्णालय आहे, केएलईचं दंत महाविद्यालय आहे; तिथं तुकडा काढून कॅन्सर आहे का ते तपासतात. ‘सुरी लागली की पसरतो’ या ऐकीव भीतीने माणसं तपासणी टाळतात आणि तेवढा वेळ रोगाला मिळतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सुपारीत. फोड एकही नाही, तरी साधी आमटीही झोंबते. गाल आतून पांढरट आणि ताठ होत जातात, तोंड उघडेना होतं. आपली तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील तर हे तोंड येणं नव्हे. यात तंबाखू लागतेच असं नाही, नुसती सुपारीही पुरते. कर्नाटकात 2013 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण मळलेला मावा आणि सुट्या सुपारीच्या पुड्या राहिल्याच. ताठ झालेला गाल पूर्ववत होत नाही. सुपारी सोडली आणि व्यायाम-उपचार घेतले तर वाढ रोखता येते, तोंडही थोडंफार जास्त उघडू लागतं.

डॉक्टर ‘तंबाखू खाता का?’ विचारतात तेव्हा आपल्या बायका सरळ ‘नाही’ म्हणतात, कारण मिसरी त्यांच्या लेखी दात घासायची. ती भाजलेली तंबाखूच आहे, तेव्हा सोबत गेलेल्याने तरी सांगावं. आणि तंबाखू सोडल्यावर पहिले काही आठवडे कुणाकुणाला खरंच तोंड येतं. ‘सोडली म्हणून झालं’ असं म्हणत पुन्हा चुना मळायला बसू नये, ते फोड भरतात.