आत एकही पान नसलेले अंक: काल्पनिक क्रॉसओव्हर कव्हरांची पार्श्वभूमी

गोदावरीला पूर आलाय, पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलंय, फास्टर फेणे होळकर पुलाच्या कठड्याला लोंबकळतोय आणि खालून घोड्यावर बसलेला वेताळ (मूळचा फँटम) पाणी कापत येतोय. वर इंद्रजाल कॉमिक्सची पट्टी, कोपऱ्यात किंमत, आणि फेणेच्या तोंडचा फुगा, त्यात फक्त "ट्टॉक!". वेगवेगळ्या मालिकांतली पात्रं अशी भेटली की त्याला क्रॉसओव्हर म्हणतात, आणि हे कव्हर अशी काल्पनिक कव्हरं करणाऱ्या आमच्या नाशिकच्या मंडळीतल्याच एकाने केलंय. अंक कधी निघाला नाही आणि निघणारही नाही, कारण आत एकही पान नाहीये.

नवीन माणूस हमखास विचारतो, आतली गोष्ट काय आहे? काही नाही म्हटलं की त्याचा चेहराच पडतो, मग एवढी रात्र रात्र जागून मेहनत कशाला रे. आणि बऱ्याच जणांचा असाही समज आहे की फोटोशॉप आल्यावर रिकामटेकड्या लोकांनी काढलेलं हे खूळ आहे. माझं म्हणणं उलटं आहे. आत नसलेली भेट कव्हरवर घडवायची ही आयडिया मुळात फॅन लोकांची नाहीच, ती प्रकाशकांची आहे, आणि ती निदान १९४१ पासून चालत आलीये.

सुपरमॅन आला १९३८ ला, बॅटमॅन १९३९ ला, दोघं एकाच घरचे, म्हणजे आज ज्याला आपण डीसी म्हणतो तिथले. १९४१ मधे त्यांनी १५ सेंटचं एक जाडजूड कॉमिक काढलं, पहिल्या अंकाचं नाव होतं 'वर्ल्ड्स बेस्ट', दुसऱ्यापासून 'वर्ल्ड्स फायनेस्ट'. कव्हरवर सुपरमॅन, बॅटमॅन आणि रॉबिन तिघं एकत्र, हसतायत, खेळतायत, युद्धाच्या दिवसात तर एका कव्हरवर हिटलर-मुसोलिनीच्या थोबाडावर बेसबॉल मारतायत. आणि आत उघडलं की सुपरमॅनची गोष्ट वेगळी, बॅटमॅनची वेगळी, दोघांची गाठच नाही! असं एकदोन अंक नाही, तेरा वर्षं चाललं. रेडिओवर १९४५ पासून दोघं भेटत होते, १९५२ मधे 'सुपरमॅन'च्या ७६व्या अंकात एका बोटीवर एकाच केबिनमधे येतात आणि तिथे एकमेकांची खरी ओळख फुटते, पण ज्या मासिकाच्या कव्हरवर ते एवढी वर्षं गळ्यात गळे घालून उभे होते तिथे एका गोष्टीत आले थेट १९५४ ला, अंक ७१ मधे. तेही काही वाचकांच्या प्रेमाखातर नाही, पानं कमी केली, दोन हिरोंना दोन वेगळ्या गोष्टी द्यायला जागा उरली नाही म्हणून. म्हणजे तेरा वर्षं ती सगळी कव्हरं कशाची होती? आत न घडलेल्या भेटीचीच की.

खरी भेट म्हणाल तर ती दुसऱ्या घरी आधी झाली होती. पुढे मार्व्हल झालेल्या कंपनीने १९४० मधेच ह्युमन टॉर्च आणि नेमॉर सबमरिनर यांची जुंपली होती, एक आगीचा, एक पाण्याचा, याहून सोपी आयडिया काय असणार. त्याच वर्षी डीसीच्या बाजूला जस्टिस सोसायटी, म्हणजे हिरोंची टोळी, टेबलाभोवती बसली, पण पहिल्यांदा बसले तेव्हा प्रत्येकाने आपापलीच गोष्ट सांगितली, हे मला अजूनही जाम मजेशीर वाटतं.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे डीसीचा संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. कॉमिक विकलं जायचं स्टॉलवर, गिऱ्हाईक म्हणजे खिशात चार नाणी असलेलं पोरगं, ते आत वाचून घेणार नाही, कव्हर बघून घेणार. १९५१ मधे 'स्ट्रेंज अॅडव्हेंचर्स'च्या कव्हरवर गोरिला टाकला आणि अंक धडाधड खपला, मग काय, डीसीत गोरिलांचा सुळसुळाट झाला. श्वार्ट्झची पद्धत अशी की बऱ्याचदा आधी भन्नाट कव्हर ठरवायचं, काढून घ्यायचं, आणि मग लेखकाला बसवायचं, की बाबा आता याला साजेशी गोष्ट लाव. १९६१ चं 'फ्लॅश' १२३ घ्या, कव्हर कार्माइन इन्फँटिनोचं. मधे विटांची भिंत, एक माणूस वरून पडणाऱ्या गर्डरखाली सापडणार, आणि भिंतीच्या एका बाजूने आजचा फ्लॅश धावतोय, दुसऱ्या बाजूने चाळीसच्या दशकातला जुना फ्लॅश, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. हे बघून कोणाला प्रश्न पडणार नाही? दोन पृथ्व्या, समांतर जगं, मल्टिव्हर्स, आज सिनेमावाले ज्यावर कोट्यवधी कमावतात त्याचा डीसीतला पाया त्या अंकात घातला गेला. म्हणून कव्हर आधी आणि गोष्ट नंतर हे ज्यांना उलटं वाटतं त्यांनी श्वार्ट्झला जाऊन सांगावं. फॅन माणूस त्याच्या अर्ध्यापर्यंत जातो आणि थांबतो, एवढाच फरक.

बाकी इतिहास पटापट सांगतो. 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' १९६३ पासून दोन हिरोंना एकत्र आणायला लागलं, पुढे त्यात बॅटमॅन कायमचा आणि पाहुणा बदलता, १९८३ ला २०० व्या अंकावर बंद पडलं. मार्व्हलने १९७२ ला 'मार्व्हल टीम-अप' काढलं, तिथे स्पायडरमॅन आणि पाहुणा. फॅन लोक आजही कव्हरं करताना हीच दोन टेम्प्लेटं जास्त वापरतात, ब्रेव्ह अँड बोल्डचा नंबर २०१ पासून पुढे टाकायचा, कारण तिथून मोकळं रान आहे.

दोन कंपन्यांमधली भिंत मात्र खरी भिंत होती. त्यातही लेखकांनी आधी गुपचूप भोक पाडलं: १९७२ मधे लेन वाइन, गेरी कॉनवे आणि स्टीव्ह एंगलहार्ट या तिघांनी अमेरिकेतल्या रटलंड गावच्या हॅलोविन मिरवणुकीची गोष्ट मार्व्हलच्या दोन आणि डीसीच्या एका अंकात अशी वाटून टाकली की तिन्ही वाचणाऱ्यालाच ती जोडता येईल, आणि हे तिघं स्वतःच त्यात पात्र म्हणून हिंडतायत. अधिकृत भेट १९७६ ला, सुपरमॅन आणि स्पायडरमॅन, मोठ्या आकाराचा अंक, किंमत २ डॉलर. चित्रं रॉस अँड्रूची, पण सुपरमॅनवर नील अॅडम्सचा हात फिरला आणि पीटर पार्करच्या चेहऱ्यांवर जॉन रोमिटाचा. अशा अंकात कोणाचं नाव आधी, कोण किती मोठा, कोण कोणाला किती ठोसे मारणार, सगळं तोलूनमापून करावं लागतं, लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावांवरून होतं तसंच.

आणि मग १९८३ ची ती प्रसिद्ध भानगड. डीसीच्या हिरोंची टोळी जस्टिस लीग आणि मार्व्हलची अॅव्हेंजर्स एकत्र येणार असं ठरलं, जॉर्ज पेरेझने वीसेक पानं काढूनही झाली, आणि दोन्हीकडच्या संपादकांचं जमेना म्हणून सगळं बारगळलं. पुढची वीस वर्षं तो अंक फक्त लोकांच्या डोक्यात होता. शेवटी २००३ ला तो आला, पेरेझनेच काढला, आणि तिसऱ्या अंकाच्या कव्हरवर त्याने दोनशेच्या वर पात्रं बसवली. माझ्या मते हा नाद फोफावला तो याच मधल्या वीस वर्षांमुळे. जाहीर झालेली पण न मिळालेली गोष्ट माणसाला स्वस्थ बसू देत नाही, आणि नेमका त्याच काळात १९९० ला फोटोशॉप आला, १९९६ ला तसंच काम करणारा फुकटातला गिंप आला. त्याआधीही लोक करायचेच, कात्री, डिंक, ट्रेसिंग पेपर आणि झेरॉक्स.

आपल्याकडचा रस्ता वेगळ्या बाजूने येतो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने सुरू केलं, मराठीतही निघायचं, नाशिकरोड स्टेशनच्या स्टॉलवर, भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांत, आणि मग रद्दीवाल्याकडे, असा त्याचा प्रवास. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही किंग फीचर्स या अमेरिकन कंपनीकडून आलेली मंडळी, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर, हा घरचा. एकाच पट्टीखाली आज हा, पुढच्या वेळी तो, त्यामुळे आपल्या पोरांच्या डोक्यात हे सगळे एकाच गल्लीत राहायचे. वेताळ आणि मँड्रेक दोन्ही लेखक ली फॉकचेच, १९७७ च्या चित्रपट्टीत वेताळाच्या लग्नाला मँड्रेक आणि त्याचा साथीदार लोथार हजर होते, म्हणजे तिथे तर क्रॉसओव्हर अधिकृतच झाला. ती जुनी इंद्रजालची रंगवलेली कव्हरं, गोविंद ब्राह्मणियांच्या हातची, ती बघितली की कळतं, परदेशी पट्टीतलं छोटं चौकटीतलं चित्र आपल्या माणसाने रंगात मोठं करून कसं वेगळंच केलं.

मग हिंदीतलं राज कॉमिक्स. नागराज १९८६, त्याचे सुरुवातीचे अंक काढले पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी, तेच अमर चित्र कथावाले. अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव त्यानंतर, आणि हे दोघं एकत्र आले की ज्याच्याकडे तो अंक असेल तो शाळेत राजा. मराठी शाळेतली आमची पोरं अर्धी हिंदी तिथेच शिकली असं माझं मत आहे, कोणी मास्तर मान्य करणार नाही.

तसं पंचवटीच्या माणसाला क्रॉसओव्हर नवा नाहीच. रामायणातला हनुमान वनपर्वात भीमाला रस्त्यात शेपटी आडवी टाकून भेटतो, जांबवान कृष्णाशी कुस्ती करतो. पाहुणा कलाकार, मागच्या मालिकेतून, आपल्याकडे हे किती जुनं आहे!

आता प्रत्यक्ष काम. लोकांना वाटतं दोन चित्रं कापून शेजारी चिकटवली की झालं. पुराचं ते कव्हर करताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो वेताळाच्या कडेच्या रेघेत. जुन्या अंकातून स्कॅन केलेला वेताळ जाड ब्रशच्या रेघेचा, फेणे नव्याने पेनाने काढलेला, बारीक रेघेचा, दोघं एका पाण्यात असून दोन वेगळ्या कागदांवरचे वाटायचे, मग फेणे पुन्हा ब्रशने काढला. उजेड एकाच बाजूने यायला हवा, नजरा एकमेकांना भिडायला हव्यात, नाहीतर वेताळ पुलाकडे न बघता रामकुंडावरच्या कपड्यांकडे बघतोय असं दिसतं (पहिल्या कच्च्या प्रतीत तसंच दिसत होतं, यावर फार हसलो). पांढरा रंग पांढरा ठेवायचा नाही, जुना कागद पिवळट असतो. काळा पूर्ण काळा नको. रंगात बारीक ठिपके हवेत, आणि छपाईत रंग जरासा सरकलेला हवा, लाल रंग रेघेच्या बाहेर केसभर गेलेला, तेवढ्यानेच डोळा फसतो.

अमेरिकन कव्हर करायचं तर त्याचे दागिने वेगळे. मार्व्हलचा डाव्या कोपऱ्यातला चेहऱ्याचा चौकोन १९६३ पासूनचा, तो १९५० च्या अंकावर टाकला की जाणकार लगेच पकडतो. कॉमिक्स कोडचा, म्हणजे आतला मजकूर तपासून दिलेल्या मंजुरीचा, शिक्का १९५४ नंतरचा. मिल्टन ग्लेझरने केलेला डीसीचा गोल शिक्का १९७७ पासून. हे चुकलं की चित्र कितीही भारी असो, लोक आधी शिक्क्यावर बोलतात. देवनागरीत अजून एक दुखणं, जुनी शीर्षकं हाताने रंगवलेली असायची, मात्रा आणि वेलांट्या चित्रात घुसायच्या, आणि आजचा कुठलाही तयार फाँट टाकला की अंक लगेच हळदीकुंकवाच्या बॅनरसारखा दिसतो. म्हणून शीर्षक हातानेच काढायचं, याला तोड नाही.

हल्ली एआयला सांगितलं की अर्ध्या मिनिटात वेताळ, पूर, पूल सगळं येतं. येऊ दे. मला त्यात मजा नाही, कारण पूल होळकरांचा नसतो, मारुती एकतोंडी असतो, आणि रेघ कोणाची आहे हे विचारायची सोयच नसते.

हक्कांचं म्हणाल तर पात्रं ज्यांची त्यांची आहेत, गंमत म्हणून करून मित्रांना दाखवणं वेगळं आणि टीशर्टवर छापून विकणं वेगळं, विकण्याच्या वाटेला आमच्यातलं कोणी जात नाही. खुद्द कंपन्या २०२५ मधे पुन्हा एकत्र आल्या, डेडपूल आणि बॅटमॅन, दोघांनी एकेक अंक काढला, त्या जोडीची फॅन कव्हरं त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होती.

खरी काळजी आहे ती जुन्या अंकांच्या बाजाराची. मराठी इंद्रजालचे चांगल्या अवस्थेतले अंक आता हौशी लोक भरपूर पैसे मोजून घेतात, आणि अशात एखादं चांगलं जमलेलं खोटं कव्हर छापून, आत दुसरीच पानं शिवून कोणी खपवलं तर? त्यात आमचं गाव नाशिक, देशाच्या नोटा जिथे छापतात ते, इथे खोटं छापलं म्हटलं की आधीच भुवया वर जातात. म्हणून आमच्यात नियम ठरलाय: इंद्रजाल १९९० ला बंद झालं, तर आपल्या कव्हरावर तारीख त्याच्या पुढचीच टाकायची, आणि खाली बारीक अक्षरात 'काल्पनिक अंक' लिहायचं. एकजण मात्र तारीख नियमाप्रमाणे १९९३ ची टाकतो, पण किंमत साठ पैसे.