रीनल स्कॅन

रीनल स्कॅन : शिरेतून किरणोत्सारी औषधाची अल्प मात्रा टोचून मूत्रपिंडांचे कार्य गॅमा कॅमेऱ्याने (त्या औषधातून निघणारे किरण टिपणाऱ्या यंत्राने) मोजण्याची अणुवैद्यकातील तपासणी. सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा आकार, सूज, खडे दिसतात. ते काम किती करते हे दिसत नाही. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) दोन्ही मूत्रपिंडांचा हिशेब एकत्रच मांडते. डावे मूत्रपिंड जवळजवळ निकामी झाले तरी उजवे भार उचलते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येणे, हे या स्कॅनचे खरे मोल. निरोगी माणसात तो साधारण ४५ ते ५५ टक्के असतो.

वापरले जाणारे किरणोत्सारी समस्थानिक (मूलद्रव्याचा एक प्रकार) बहुधा टेक्नेशियम-९९एम. त्याचा अर्धायुकाल ६ तास. ते मॉलिब्डेनम-९९ च्या जनरेटरमधून मिळवतात; या कामाला तंत्रज्ञ गमतीने ‘मिल्किंग’ म्हणतात. मग ते ज्या औषधाशी जोडावे, तशी तपासणी बदलते. डीटीपीए मूत्रपिंडातील केशिकागुच्छांतून गाळले जाते, तर ईसी आणि मॅग-३ मुख्यतः नलिकांतून स्रवतात. त्यामुळे दुबळ्या मूत्रपिंडाचे चित्रही बरे उमटते. डीएमएसए बाह्यकात, म्हणजे मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात, धरून राहते. वारंवार मूत्रसंसर्ग झालेल्या मुलांत राहिलेले व्रण त्यात दोन-तीन तासांनी घेतलेल्या चित्रांत दिसतात. भारतात अशी औषधे बनवण्याचे किट नवी मुंबईतील ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था पुरवते.

मूत्रपिंड फुगलेले दिसले, की मूत्रमार्ग खरोखर तुंबला आहे की नुसता रुंदावला आहे, हा प्रश्न येतो. त्यासाठी स्कॅनमध्ये फ्युरोसेमाइड हे मूत्रल (लघवी वाढवणारे औषध) देतात. त्यानंतर मूत्रपिंडात साठलेले किरणोत्सारी औषध १० मिनिटांच्या आत निम्मे झाले तर अडथळा सहसा नसतो. २० मिनिटांहून जास्त लागली तर अडथळ्याची शंका बळावते. मधली वेळ संदिग्ध. मात्र हा आकडा एकटा वाचू नये. रुग्ण पुरेसे पाणी प्यायलेला नसेल, मूत्राशय भरलेले असेल किंवा मूत्रपिंडच इतके क्षीण असेल की मूत्रलाला दादच देत नसेल, तर मोकळा मार्गही तुंबलेला भासतो. नवजात बाळाची मूत्रपिंडे अपरिपक्व असल्याने तिथेही घाई नडते.

रिपोर्टात छापलेला जीएफआर (मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग) बहुधा गेट्स पद्धतीने, म्हणजे कॅमेऱ्याच्या चित्रांवरून, काढलेला अंदाज असतो. त्यापेक्षा टक्केवारीतला वाटा अधिक भरवशाचा. नेमका जीएफआर हवा असल्यास रक्ताचे नमुने घेऊन मोजतात.