शीर, नस, रोहिणी, नीला : नर्सिंगच्या पहिल्या सत्रातल्या एका गोंधळाची पार्श्वभूमी

वर्गात एक शब्द, पुस्तकात दुसरा आणि रुग्णाच्या तोंडी तिसरा, हा तो गोंधळ. आधी वर्गाबद्दल. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा मिळून एकच पेपर असतो. 75 गुण, तीन तास. ‘अ’ विभागात शरीराची रचना (अ‍ॅनाटॉमी) 37 गुणांची, ‘ब’ विभागात शरीराची क्रिया (फिजिऑलॉजी) 38 गुणांची, आणि वेगळे 25 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. ही वाटणी नवी नाही. वार्षिक परीक्षेच्या काळातही हेच 37 आणि 38 होते, आणि दोन्ही विषयांना 60-60 तास होते.

बदललं ते वेगळंच. जुलै 2021 मध्ये नवे नियम राजपत्रात आले. वर्षाची दोन सत्रं झाली, विषयांच्या नावाआधी ‘अप्लाइड’ लागलं, आणि जे 120 तास पूर्वी वर्षभर पसरलेले असायचे ते साधारण वीस आठवड्यांत बसवणं भाग पडलं. एकही तास कमी केलेला नाही, असं सांगितलं जातं आणि ते खरं आहे. पण हा विषय मुरावा लागतो. मूत्रपिंडातलं नेफ्रॉन सोमवारी शिकून शुक्रवारी समजत नाही. ते महिन्याभराने, दुसरंच काही वाचताना समजतं. तो महिना आता वेळापत्रकात उरलेला नाही.

आणखी एक गोष्ट जुन्या-नव्या दोन्ही अभ्यासक्रमांत तशीच राहिली. या विषयाला विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा नाही. विद्यार्थिनी हृदयाची आकृती काढते, चार कप्पे रंगवते, झडपांना नावं देते. जिवंत मनगटावर बोट ठेवून नाडी शोधण्याची परीक्षा मात्र नर्सिंग फाउंडेशन या वेगळ्या विषयात होते. ज्या विषयाचं नावच ‘अप्लाइड’ केलं, त्याची परीक्षा कागदापुरती ठेवावी हा निर्णय मला पटलेला नाही.

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, वर्गात अडचण थोडी वेगळी. तिथे पहिल्या वर्षी दोन्ही विषयांना मिळून 90 तास. प्रवेश कुठल्याही शाखेच्या बारावीनंतर मिळतो, त्यामुळे कला आणि वाणिज्य शाखेतून आलेल्या कित्येक मुलींचा शरीराशी शेवटचा अभ्यासाचा संबंध दहावीच्या विज्ञानापुरता असतो, तोही मराठीतून. इथे शब्दांचा प्रश्न सुरू होतो, आणि या टिपणाचा बराचसा भाग त्यासाठीच आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या शारीरस्थान या भागात शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात दिवस कुजू द्यावं आणि मग थरामागून थर खरवडत पाहावं, अशी पद्धत दिलेली आहे. आधुनिक शवविच्छेदन हिंदुस्थानात 1836 मध्ये कलकत्त्याला सुरू झालं. 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं आणि त्याच शतकात तिथे मराठी व गुजराती माध्यमाचे वर्गही चालले. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने बेवारस मृतदेह अभ्यासासाठी देण्याची रीत बसवून दिली. या सगळ्यात परिचारिका जवळपास कुठेच नाही. विच्छेदनाचं टेबल वैद्यकीच्या मुलांसाठी राहिलं. नर्सिंगच्या मुलींच्या वाट्याला हाडांचा सांगाडा, उघडता येणारं प्लास्टिकचं धड, भिंतीवरचे तक्ते आणि जवळ मेडिकल कॉलेज असेल तर फॉर्मॅलिनच्या बरण्यांचं संग्रहालय आलं.

आता शब्द.

आर्टरी आणि व्हेन, या दोन प्रकारच्या रक्तवाहिन्या. मराठी विश्वकोशाने यांना रोहिणी आणि नीला म्हटलं. अखिल भारतीय परिभाषेत, म्हणजे हिंदीच्या वळणाने, धमनी आणि शिरा. शालेय पुस्तकांत दोन्ही जोड्या आलटूनपालटून येऊन गेल्या. त्यामुळे एकाच बाकावरच्या दोन मुली वेगवेगळ्या शब्दांवर वाढलेल्या असू शकतात, आणि वर्गात तिसराच, इंग्रजी शब्द कानावर पडतो.

रोहिणी आणि नीला हे शब्द आले कुठून ते पाहण्यासारखं आहे. सुश्रुताने सातशे सिरा (शिरा) सांगितल्या आणि त्यांचे चार गट केले: वात वाहणाऱ्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या नीला, कफ वाहणाऱ्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या रोहिणी. म्हणजे मूळच्या मांडणीत नीला रक्त वाहतच नव्हती. धमन्या वेगळ्या, चोवीस. रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयात येतं हे इंग्रज वैद्य हार्वेने दाखवलं ते 1628 साली. सुश्रुताची विभागणी त्याच्या कितीतरी आधीची आणि वेगळ्या तत्त्वावरची. पुढे मराठीत परिभाषा घडवताना चारांपैकी दोन नावं उचलली गेली, कारण ती रंगांची होती. तांबडी ती रोहिणी, निळी ती नीला. तक्त्यावरच्या लाल-निळ्या नळ्यांना ती चपखल बसली. (रोहिणी हे आयुर्वेदात घशाच्या एका रोगाचंही नाव आहे, जुना ग्रंथ आणि नवं पुस्तक शेजारी ठेवून वाचणाऱ्याची त्रेधा उडते.)

शब्द सुंदर आहेत. पण रंगावरून दिलेलं नाव शिकणाऱ्याच्या मनात एक चुकीची व्याख्या पक्की करतं: रोहिणीत शुद्ध रक्त, नीलेत अशुद्ध. खरी व्याख्या दिशेची आहे. हृदयाकडून नेते ती आर्टरी, हृदयाकडे आणते ती व्हेन. फुप्फुसाकडे जाणाऱ्या आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या व्हेनमध्ये ऑक्सिजनयुक्त. त्या धड्यावर आलं की अर्धा वर्ग थबकतो. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द तर मी वर्गात वापरूच देत नाही. रक्त विटाळलेलं नसतं, त्यातला ऑक्सिजन वापरला गेलेला असतो, एवढंच.

नर्व्हची, म्हणजे मेंदूचे आणि शरीराचे संदेश नेणाऱ्या तंतूची, गत याहून अवघड. शाळेत चेतातंतू आणि चेतासंस्था, वर्तमानपत्रात मज्जातंतू आणि मज्जासंस्था, विश्वकोशात तंत्रिका. त्यातला मज्जा हा शब्द बोन मॅरोसाठीही, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजासाठी, अस्थिमज्जा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी पहिल्या चाचणीत ‘मज्जेत रक्तपेशी तयार होतात, म्हणून मज्जासंस्था रक्त तयार करते’ असं उत्तर हमखास येतं. लिहिणारीची चूक म्हणावी तर शब्दाने तिला तिथवर नेलेलं असतं.

आणि मग वॉर्ड. तिथे रोहिणी नाही, नीला नाही, तंत्रिका तर नाहीच. तिथे आहे शीर आणि नस.

‘हिची शीर सापडत नाही हो सिस्टर’ म्हणजे व्हेन. ‘डोक्यातली शीर तुटली’ म्हणजे मेंदूतला रक्तस्राव, बहुतेकदा आर्टरी. ‘मानेची शीर आखडली’ म्हणजे स्नायू. ‘कमरेत नस दबली’ म्हणजे नर्व्हचं मूळ. ‘पायाच्या नसा फुगल्या’ म्हणजे पुन्हा व्हेन, जिला विश्वकोश अपस्फीत नीला म्हणतो. आणि नसबंदीतली नस ही रक्तवाहिनीही नाही आणि नर्व्हही नाही, ती शुक्रवाहिनी. शरीरात जे जे दोरीसारखं किंवा नळीसारखं हाताला लागतं ते मराठीत शीर किंवा नस. लोकांच्या या शब्दांना अडाणी म्हणण्याचं कारण नाही. कातडीखाली बोटांना जे जाणवतं त्याचीच ती नावं आहेत, आणि सलाईन लावताना नर्सही बोटांनीच शोधते.

कोपराच्या खोबणीत, दंडाला आवळलेल्या पट्ट्याखाली (टूर्निके), दोन बोटं फिरवणारी मुलगी पाहावी. दाबलं की खाली जाते, सोडलं की उसळून वर येते, ती व्हेन. ठोका लागला तर आर्टरी, तिथे सुई नाही. दोरीसारखं ताठ लागलं आणि हात दुमडल्यावर हललं तर तो स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा. तिन्ही गोष्टी वॉर्डातल्या एखाद्या आजींच्या भाषेत शिराच, पण बोटांना त्या वेगळ्या करता आल्याच पाहिजेत. 37 गुणांच्या विभागात हे विचारलं जात नाही.

पदवी अभ्यासक्रमाचं माध्यम इंग्रजी आहे आणि त्यामागची कारणं रास्त आहेत: औषधांची नावं, डॉक्टरांच्या सूचना, केसपेपर सगळं इंग्रजीत, आणि नोकरी केरळात लागेल की आखातात, सांगता येत नाही. मराठी परिभाषा समित्यांनी घडवली, कोश निघाले, पण वर्गात ती परीक्षेपुरतीही उरली नाही. याची मला खंत आहे, तरी रोहिणी-नीला परत आणा असं मी म्हणणार नाही. मी म्हणते ते इतकंच की शीर आणि नस या दोन शब्दांना अभ्यासक्रमात एक तास मिळावा. रुग्ण ‘नस’ म्हणाला की पुढचे प्रश्न कोणते, मुंग्या येतात का, सूज आहे का, हलवताना दुखतं का, पाय बधिर होतो का, हे त्या तासात बसेल. तसा प्रस्ताव शिक्षकांच्या एका बैठकीत मांडला गेला होता. हे इंग्रजी माध्यमाच्या चौकटीत बसत नाही, असं उत्तर मिळालं आणि विषय तिथेच राहिला.

पुढे प्रसूतिगृहातल्या पाळीत हेच शब्द पुन्हा समोर येतात. नाळ कापल्यावर तिचं टोक गॉजने पुसून आत पाहायचं असतं: दोन बारीक, जाड भिंतीच्या आर्टरी आणि एक मोठी, पातळ भिंतीची व्हेन. या व्हेनमधून ऑक्सिजनयुक्त रक्त बाळाकडे गेलेलं असतं, म्हणून तक्त्यात ती लाल रंगवतात. नीलाच, पण लाल. आर्टरी एकच दिसली तर डॉक्टरांना सांगायचं, कारण मूत्रपिंडात किंवा हृदयात जन्मजात दोष आहे का ते तपासावं लागतं.

परवा एक विद्यार्थिनी असंच वाकून पाहत होती. दाराशी उभ्या असलेल्या बाळाच्या आजीने विचारलं, ‘काय मोजतेस गं पोरी?’

‘शिरा मोजतेय आजी,’ ती म्हणाली. ‘तीन आहेत. बरोबर आहेत.’

आणि केसपेपरवर तिने इंग्रजीत नोंद केली.